आई खेळात उतरली तेव्हा

"अगं, पण उडी मारायची कुठं?" आईनं विचारलं.

"कुठंबी मार. तुला आवडंल तिथं."

"आवडायला खाली दिसाया तर पायजे. नुसतं ढगच हायत."

विमान चाललं होतं, त्याचं दार उघडं होतं, आणि चिंचखोरे गावच्या सरपंच सौ. मंदाकिनी रावसाहेब झांबरे आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये एका पालथ्या क्रेटवर बसून, दोन्ही अंगठे माझ्या मोबाइलवर टेकवून, जीव मुठीत धरून खाली बघत होत्या. बाकीचे सगळे उड्या मारून गेले. शेवटी विमानानंच कंटाळून आईला बाहेर टाकलं.

"अगं आई गं!" असं ती खरोखर ओरडली आणि तिनं पाय वर घेतले. मग हवाई छत्री उघडली. आईचा श्वास परत आला. ढग बाजूला झाले आणि खाली निळा समुद्र, बेट, बेटावरची पिवळी शेतं असं सगळं हळूहळू मोठं होत वर यायला लागलं. आई माझी शाळकरी मैत्रीण असल्यासारखी माझ्या खांद्याला खेटून बसली होती.

"पीक काय हाय गं ते?"

"ते पीक नसतंय आई. नुसतं रंगवल्यालं असतंय."

"गहू हाय," आई म्हणाली. "कापायला आलाय."

मार्च महिना होता, शाळा सकाळची झाली होती. आमचं शेड गावाबाहेर माळावर आहे, आणि रेंज तिथंच बरी मिळायची. चारी बाजूंनी हिरवं जाळीचं कापड, आत तारेवर ताणलेल्या जाळ्यांचे एकावर एक मजले आणि त्यांच्यावर वाळत पसरलेली द्राक्षं. दुपारचं ऊन त्या हिरव्या कापडातून गाळून आत यायचं, त्यामुळे आत बसलेलं माणूस विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं दिसायचं. निम्मी वाळलेली द्राक्षं गोड, आंबूस, झोप आणणारा वास सोडायची. कामाच्या बायका जेवून लिंबाखाली आडव्या झालेल्या असायच्या. त्या वेळी शेडमध्ये मोठ्यानं बोलायचंच मनात येत नसे.

मी आठवीत होते. आदल्या साली शाळा फोनवर आली होती. शाळा परत वर्गात गेली, पण फोन काही परत गेला नाही. गावातली सगळी पोरं त्या खेळात होती. बेटावर उतरायचं, रिकाम्या घरांतून बंदुका शोधायच्या, दिसेल त्याला मारायचं, आणि शेवटी उरेल तो जिंकला. एके दिवशी खालच्या आळीतल्या बजरंगनानांच्या नातवानं, फोन काढून घेतला म्हणून, आजीला पायरीवरून ढकललं. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. नाना तसेच ग्रामपंचायतीत आले आणि म्हणाले, अठराच्या आतल्या पोरांना हा खेळ गावात बंद करा. जे पोरगं खेळताना सापडेल त्याच्या घरचा नळ तोडा.

ग्रामसेवक म्हणाले, "असं कायद्यात बसत नाही, नाना. आपण वर ठराव पाठवू. बंदी घालायची तर सरकार घालेल."

"म्हातारीला उचलाया सरकार आलं न्हवतं," नाना म्हणाले. "मीच उचलली."

झालं, गावात दोन तट पडले. निम्मे म्हणायचे, बंदी करा. निम्मे म्हणायचे, आमचा फोन, आमचं पोरगं, आमचं आम्ही बघू, ग्रामपंचायत कोण लागून गेली? मेंबरांचेही बरोबर दोन भाग झाले. राहिली सरपंच. तिचा हात ज्या बाजूला जाईल तिकडं निकाल. आईला सरपंच होऊन वर्षही झालं नव्हतं. बाईची राखीव जागा आली म्हणून आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला उभं केलं होतं. निवडून आल्यावर ती स्वतःच्या डोक्यानं चालायला लागली, याचं त्यांना अजून नवल वाटत होतं.

"न बघता मी कशालाच हात वर करायची न्हाई," आई म्हणाली होती. "रान घ्यायचं झालं तरी आधी बांदावर उभं ऱ्हाऊन येतोच की आपण." आणि मग मला म्हणाली, "हर्षे, मला तुझा त्यो खेळ दाव."

मी फोन पाठीमागं लपवला. कारण त्या खेळात माझा भाऊ होता.

धैर्यशील माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बारावीच्या वर्षाला तो दिवसरात्र त्या खेळात असायचा. एकदा ह्याच शेडमध्ये आण्णांनी त्याच्या हातातला फोन हिसकला आणि द्राक्षं बुडवून काढायच्या तेलकट पाण्याच्या टबात टाकला. सकाळी दादा घरात नव्हता. चार कपडे नव्हते. पुढं मित्राकरवी निरोप आला की बरा आहे, शोधू नका. पोलीस म्हणाले, पोरगा सज्ञान आहे. आण्णांनी त्याचं नाव काढायचं बंद केलं. आईनं टबातून तो फोन काढला, त्यातलं सिम वाळवलं आणि आपल्या डबा फोनमध्ये घातलं. दर महिन्याला त्याच्यात रिचार्ज मारायची. न जाणो, कुणीतरी चुकून त्याला त्या नंबरावर फोन करेल आणि तो कुठं आहे हे बोलता बोलता कळेल. दोन वर्षं होत आली, कंपनीच्या जाहिरातींशिवाय त्या नंबरावर काही आलं नाही.

मला मात्र तो दिवाळीत सापडला. खेळात 'कोरा चहा' नावाच्या कुणीतरी मैत्री मागितली. मी दिली. कानात आवाज आला, "हर्षे, तुझा नेम लई भंगार हाय."

त्या दिवसापासून तो जेवणाच्या सुट्टीत यायचा. कुठल्या कारखान्यात, कुठल्या गावात, हे कधी सांगायचा नाही. आम्ही बेटावर भेटायचो. तो मला वाचवायचा, आपली औषधं मला द्यायचा, आणि घरचं विचारायचा. एवढंच निक्षून सांगितलं होतं, "आईला सांगितलंस तर हे नावबी पुसून टाकीन. मग शोधत बस." मला माहीत होतं, तो तसं करेल. आमच्या घरातली पुरुष माणसं बोलतात कमी आणि करतात लगेच.

म्हणून मी आईला दादाच्या सुट्टीच्या आधी खेळ दाखवून मोकळी होणार होते. पण पहिल्याच डावात ती रमली.

आईनं बंदूक उचललीच नाही. ती घरं बघत फिरली. दार उघडायची, आत जायची, सगळ्या खोल्या बघायची, आणि बाहेर येताना दार लावून घ्यायची.

"दारं कशाला लावतीस? टाईम जातोय."

"उघडं टाकून कसं जायाचं? कुणाचं तरी घर हाय." जरा वेळानं म्हणाली, "चूल न्हाई गं कुठल्याच घरात. पलंग हायत, कपाटं हायत. माणसं कुठं गेली म्हणायची ही?"

"माणसं नसत्यातच ह्याच्यात. आपणच माणसं."

"म्हणजे गाव उठवलंय," आई म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर गवत हलत होतं. लांब कुठं तरी गोळ्यांचा आवाज येत होता. मी इतके महिने त्या घरांतून धावले होते, पण तिथं कधी कुणी राहत असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. मला एकदम त्या रिकाम्या घरांची कणव वाटली.

कुणीतरी आईला मारलं आणि डाव संपला. मी फोन मागितला. इतक्यात पडद्यावर 'कोरा चहा बोलावतोय' असं आलं. खाली एक हिरवं बटण, एक तांबडं.

"तांबडं दाब," मी म्हणाले.

"मघाशी हिरवं दाब म्हणलीस की," म्हणून आईनं हिरवं दाबलं.

माइक बंद होता, तेवढं बरं. माइक बंद असला की दादा समजायचा, हिच्याजवळ कुणीतरी आहे. इअरफोनच्या दोन्ही गोळ्या मी माझ्या कानात घट्ट खुपसल्या. आई परत विमानात बसली, आणि कानात दादा म्हणाला, "कोण बसलंय काय जवळ? बरं. मागनं ये माझ्या. डोंगरावर उतरू."

आई कुठं मागनं जातीय? ती उतरली आपल्या गव्हाच्या रानात. दादा कानात शिव्या घालत होता, हसत होता. "आज काय डोक्यावर पडलीयास काय? दारं काय लावतीस, येडे!" आई शांतपणे दारं लावत होती. मी मध्ये बसून दोघांचं ऐकत होते आणि मला हसूही येत होतं, रडूही.

मग गोळी लागली. आई पडद्यावर गुडघ्यांवर आली, सगळं तांबूस झालं. अशा वेळी गडी लगेच मरत नाही, रांगत राहतो. जोडीदारानं येऊन शेजारी बसून पट्टी बांधली तर उठतो, नाहीतर गेला. आई घाबरून इकडंतिकडं रांगायला लागली.

"आवाज कसा न्हाई येत ह्याचा? गोळी कुठनं आली कळंना झालंय," ती म्हणाली, आणि मी काही करायच्या आत माझ्या डाव्या कानातली गोळी काढून तिनं आपल्या कानात घातली.

"हर्षे, हलू नको," दादा म्हणाला. "पडून ऱ्हा. आलो मी."

आईचे अंगठे थांबले.

डोंगरावरून एक माणूस वेडावाकडा पळत येत होता. त्याच्या आजूबाजूला गोळ्यांनी धूळ उडत होती. तो आला, आईच्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि पट्टी बांधायला लागला. "झालं हां, झालं. लई लागलं न्हाई," तो म्हणत होता. लहानपणी मी सायकलवरून पडले की असंच म्हणायचा.

मी आईकडं बघितलं. तिनं हाताच्या तळव्यानं कानातली ती गोळी दाबून धरली होती. बराच वेळ तिनं तो हात काढला नाही.

"कुणी उठवल्यावर थँक्यू म्हणायचं असतंय," दादा म्हणाला. "बरं, माइक लाव जरा. जेवलीस का? आज काय केलतं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. बोल, अशी मान हलवली. मी माइक लावला. "भरली वांगी," मी म्हणाले. माझा आवाज चोरासारखा येत होता.

"आईनं केलती?"

आईनं मान हलवली. "हो," मी म्हणाले.

आई माझ्या मोकळ्या डाव्या कानाशी वाकली आणि इतक्या हळू पुटपुटली, की द्राक्षांवरच्या माश्यांचा आवाज त्यापेक्षा मोठा होता. "इचार, जेवतो का वेळेवर."

"तू जेवलास का?" मी विचारलं.

"कँटिनचं काय जेवायचं? डाळ म्हणून नुसतं पाणी देत्यात."

"इचार, झोपायला जागा कशी हाय."

मी विचारलं. तो म्हणाला, सहा जणांत एक खोली आहे, पण खिडकीजवळची जागा त्याची आहे. आईनं डोळे मिटून घेतले. ती खिडकी तिला दिसत असावी. असं आम्ही किती वेळ बोललो कुणास ठाऊक. आई विचारायची, मी बोलायचे, दादा सांगायचा, आणि तिकडं बेटावर ते दोघं एका भिंतीच्या आडोशाला शेजारी शेजारी बसून होते. त्याची सुट्टी संपली तेव्हा तो नेहमीसारखा पटकन नाहीसा झाला.

आई उठली, पदर झटकला. मला वाटलं, आता मी मार खाणार. दिवाळीपासून सांगितलं नाहीस म्हणून ती मला फाडून खाणार.

"मी हाय हे त्याला कळलं तर जाईल, व्हय?"

"पुसून टाकीन म्हणलाय सगळं."

"मग नको सांगू," ती म्हणाली. "उद्या परत दाव मला."

पुढचे कितीतरी दिवस असे गेले, की आता ते मला धड खरे वाटत नाहीत. सकाळी आई ग्रामपंचायतीत, संध्याकाळी रानात, आणि मधली दुपार त्या बेटावर. आम्ही एक एक गोळी कानात घालून एका क्रेटवर बसायचो. माझ्या नावानं आई खेळायची. तिचे अंगठे हळूहळू शिकले. दादा डोंगरावर न्यायचा. "बघ, हितनं समुद्र दिसतोय," म्हणायचा. आईनं खरा समुद्र कधी बघितला नव्हता. ती आणि तिचा मुलगा तिथं उभे राहून रंगवलेला समुद्र बघायचे. शेडमध्ये हिरवं ऊन पडलेलं असायचं, द्राक्षं रोज थोडी थोडी आटत, सुरकुतत बेदाणा व्हायची. मी एवढी सुखात क्वचितच असेन. आता आई बंदीला हात वर करणार नाही, हे मी धरूनच चालले होते. स्वतःचं पोरगं जिथं भेटतं ती जागा कोण बंद करेल?

आणि एका दुपारी ते झालं.

दादा आणि आई एका वाड्यात होते. बाहेरून कुणीतरी आलं, दादानं त्याला गोळी घातली, आणि तो रांगायला लागला. त्याचा माइक चालू होता. कानात बारीक आवाज आला, "दादा, नको ना. दादा, मारू नको, माझा डाव जाईल." बारकं पोर होतं. पहिली-दुसरीतलं असेल. शब्दही नीट येत नव्हते. मागं घरात कुकरची शिट्टी वाजत होती.

दादानं लगेच मारलं नाही. तो त्याच्याभोवती फिरला. थोडं पुढं जाऊ दिलं, परत आडवा आला. पोर रडायला लागलं. मग दादा हसला आणि त्यानं गोळी झाडली.

ते हसणं आमच्या घरातलं नव्हतं. मी ते आधीही ऐकलं होतं आणि त्याच्यासोबत हसलेही होते. पण त्या दिवशी दुसरी गोळी आईच्या कानात होती.

"ते किती वर्साचं आसंल?" आईनं मला हळूच विचारलं.

"काय की."

"त्याची आई सैपाकघरात हाय," ती म्हणाली. कानातली गोळी काढून तिनं माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन लिंबाखाली झोपलेल्या बायकांना कामाला उठवलं.

शनिवारी मारुतीच्या देवळाशेजारच्या सभागृहात बैठक झाली. मेंबर सतरंजीवर, गाव खिडक्यांत. बजरंगनाना आधी बोलले. मग दुसऱ्या बाजूचे बोलले. मग अनपेक्षितपणे आण्णा उठले. ते मेंबर नव्हते, पण सरपंचबाईंचे मालक म्हटल्यावर त्यांना खाली बस म्हणणार कोण?

"बंदी मी घालून बघितलीया," आण्णा म्हणाले. "माझ्या घरात. फोन टबात टाकला. खेळ हाय तिथंच हाय. पोरगं गेलं." एवढं बोलून ते बसले. दोन वर्षांत चारचौघांत ते त्याच्याबद्दल पहिल्यांदा बोलले होते.

मग हात वर झाले. तीन इकडं, तीन तिकडं. ग्रामसेवकांनी आईकडं बघितलं. मी खिडकीचे गज धरून उभी होते. मला वाटलं, आता आण्णाच असं बोलल्यावर प्रश्नच मिटला.

आईनं बंदीच्या बाजूनं हात वर केला. "सोमवारपासनं," ती म्हणाली. "नळ तोडायचा न्हाई. पाणी तोडून पोरं शिकत न्हाईत. सापडलं तर आई-बापानं पोराला घिऊन हितं यायचं आणि सगळ्यांम्होरं त्याच्याशेजारी बसून तो खेळ सबंध बघायचा. आणि वर ठरावबी पाठवा. सरकारला आपल्यापरीस उशिरा कळतंय, पण कळवायचं."

मी घरी पळाले. आई आली तेव्हा मी पायरीवर बसले होते. आण्णा चपला काढत होते. त्यांना खेळातलं काही माहीत नव्हतं, पण मला ते कुठं सुचतंय!

"आण्णांनी एकदा घालवलं त्याला," मी ओरडले. "आता तू घालीव!"

आण्णांनी चमकून आईकडं बघितलं. आईनं त्यांना तिथंच सगळं सांगितलं. चार वाक्यांत. तो खेळात आहे, रोज भेटतो, मी आहे हे त्याला ठाऊक नाही. आण्णा एक चप्पल पायात तशीच ठेवून उंबऱ्यावर खाली बसले.

"बरा हाय?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय. जेवणाचे हाल हायत."

"मग बंद कशापायी केलंस?" आण्णा म्हणाले. "हितं तर भेटत हुता. बाकीच्यांचं बाकीचे बघतील की!"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील म्हणूनच तर घालवला आपण त्येला," आई म्हणाली. "तुमी फोन टाकला तवा आपल्या एकट्याच्या पोराला भाईर वडलं. गावातली सगळी पोरं आतच हुती. त्यो एकटा भाईर उभा ऱ्हाऊन काय करणार? ज्या बाजूला सगळी हुती तिकडंच गेला. एकट्या घरानं हुत न्हाई हे. सगळ्यांनी मिळूनच दार लावाय लागतंय."

"आणि दादा?" मी म्हणाले. मला आता रडू आवरत नव्हतं. "दादा कुठल्या दारानं येणार?"

आई माझ्याजवळ बसली. "नियम करायचं काम सरपंचाचं हुतं, केलं. पोरांना बंद करून मी तुझ्या नावानं खेळत बसायचं, हे न्हाई जमायचं," ती म्हणाली. "पोराला हाक मारायचं काम सरपंचाचं न्हवं. ते मी इतके दिस केलंच न्हाई. तुझ्या मागं लपून त्याचं ऐकत बसले. गोड लागलं मला ते. उद्या ऐतवार हाय अजून."

रविवारी दुपारी आम्ही तिघं माळावर गेलो. आण्णा शेडच्या आत आले नाहीत. हिरव्या कापडाच्या बाहेर त्यांची सावली उभी दिसत होती. बायकांना सुट्टी होती. जाळ्यांवरचा बेदाणा तयार झाला होता, उद्या झाडून खाली घ्यायचा होता. वारा पडला होता. आण्णांना ऐकू जावं म्हणून आज इअरफोन लावले नव्हते, आणि एवढी शांतता होती, की फोनमधल्या विमानाची घरघर सबंध शेडभर ऐकू येत होती.

'कोरा चहा'नं बोलावलं. आईनं न विचारता हिरवं बटण दाबलं. आम्ही डोंगरावर उतरलो. दादा पुढं चालला होता. "आज लवकर आलीस," तो म्हणाला. समोर तो समुद्र होता.

आई थांबली. खेळातही थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडापाशी हात नेऊन दाखवला. मी माइक लावला. पुढच्या क्षणी ते नाव पुसलं जाणार होतं आणि मग सगळ्या जगात माझा भाऊ शोधायला एकही जागा उरणार नव्हती.

"धैर्या," आई म्हणाली.

पुढं चाललेला माणूस थांबला.

"धैर्या, मी हाय. हर्षी न्हवं. लई दिस झालं, मीच हाय."

फोनमधून काहीच येईना. नुसता बेटावरचा वारा. तो माणूस आमच्याकडं पाठ करून तसाच उभा होता. मी मनात म्हणत होते, आता जाईल, आता जाईल. आईचा श्वास मला ऐकू येत होता. कापडाबाहेरची सावली अगदी जवळ आली होती.

मग खालच्या रानातून गोळी सुटली. पाठोपाठ दुसरी. त्या टेकाडावर आई एकटी भर उन्हात उभी होती, सगळ्या बेटाला दिसेल अशी.

तो माणूस वळला आणि आमच्याकडं धावत सुटला.

"आई, खाली बस!" दादा ओरडला. "उभी ऱ्हाऊ नको, मारतील तुला! बस खाली!"

आईला बसायचं बटण सापडेना. मी दाखवायला हात पुढं केला, तोवर ती क्रेटवरून उतरून, फोन दोन्ही हातांत धरून, शेडच्या मातीत खरोखरच खाली बसली.

"बसले बघ," ती म्हणाली. "आता बोल."